पटकथेचा नमुना शोधताना आधी कागद ओळखा

जिंतूरहून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: चित्रपटाच्या पटकथेचे नमुने कुठे मिळतील, मांडणीची बरोबर पद्धत कोणती आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. महाविद्यालयात असताना आपण चार एकांकिका लिहिल्या, त्यांपैकी दोन स्पर्धेत सादर झाल्या आणि आता लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसावर चित्रपट लिहायचा आहे, एवढी माहिती आपण दिली आहे. सोबत पहिल्या दृश्याचा एक परिच्छेद आहे, आणि अगदी शेवटी एक वाक्य आहे की, तीन नमुने हाती लागले, पण तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

आपली खरी अडचण मला या शेवटच्या वाक्यात दिसते. नमुने आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. हातातला कागद कोणत्या टप्प्यावरचा आहे आणि तो कोणी कोणासाठी तयार केला आहे, हे ओळखायला मात्र कोणी शिकवलेले नाही. लातूरमध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटके लिहीत असताना मी पटकथेकडे वळलो, तेव्हा माझीही हीच स्थिती होती. त्यानंतर मालिकांचे संवाद आणि चित्रपटांच्या पटकथा लिहिण्यात वीसएक वर्षे गेली, त्या अनुभवावरून सांगतो.

आपण वर्णन केलेला पहिला नमुना, म्हणजे गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे सलग संवाद, ही पटकथा नव्हे. कोणी तरी चित्रपट पाहता पाहता कानाने ऐकलेले उतरवून काढले आहे. त्यात दृश्यांची शीर्षके नाहीत, कृती, म्हणजे पडद्यावर काय घडते याचे वर्णन, नाही, आणि असलीच तर ती पडद्यावर दिसलेल्या गोष्टीची नोंद आहे. संवादाची लय समजून घ्यायला असा कागद उपयोगी पडतो, पण मांडणी शिकण्यासाठी तो बाजूला ठेवावा. दुसरा नमुना इंग्रजी आहे, त्यात प्रत्येक दृश्याला दोन्ही समासांत क्रमांक आहेत, काही ओळींपुढे तारांकने आहेत आणि पानांच्या माथ्यावर वेगवेगळ्या तारखा आहेत. ही चित्रीकरणाची प्रत आहे. चित्रपट उभा राहायचे ठरले आणि नियोजन सुरू झाले की दृश्यांना क्रमांक पडतात. त्यानंतर काही बदलले तर बदललेल्या ओळीसमोर तारांकन येते आणि ते पान नव्या तारखेने, बहुधा वेगळ्या रंगाच्या कागदावर, सर्वांना वाटले जाते. म्हणजे आपल्याला गोंधळात टाकणाऱ्या या सगळ्या खुणा लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात नसतातच. तिसरा नमुना मालिकेच्या भागाचा आहे. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे अनेकदा तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि आपल्या मित्राने दिलेली प्रत संवादलेखकाच्या हातून गेलेली दिसते. तिच्यात कृती तुटक आहे, कारण सेट, पात्रे आणि त्यांच्या सवयी त्या युनिटला रोजच्या कामाने पाठ झालेल्या असतात.

आपल्याला हवी आहे ती वाचनाची प्रत. आपल्या गोष्टीविषयी काहीही माहीत नसलेला माणूस, दिग्दर्शक असो, निर्माता असो वा स्पर्धेचा परीक्षक, एका बैठकीत वाचू शकेल आणि वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे चित्रपट सरकेल, अशी ती प्रत असते. तिच्यात दृश्यक्रमांक सक्तीचे नाहीत, कॅमेऱ्याच्या सूचना जवळपास नसाव्यात, आणि प्रत्येक दृश्यानंतर ‘कट टू’ लिहिण्याचेही कारण नाही. एक दृश्य संपून दुसऱ्याचे शीर्षक आले की कट झालाच.

बरोबर पद्धत कोणती, याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण ते आपण कोणाला वाचायला देणार यावर अवलंबून आहे. स्वतःच लघुपट करणार असाल आणि कॅमेरा धरणारा मित्र शेजारच्या गल्लीत राहत असेल, तर दोघांना कळेल ती मांडणी पुरते. माहितीपट आणि जाहिराती यांत आजही पानाचे दोन उभे भाग करून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी लिहितात, आणि मराठीतले काही ज्येष्ठ दिग्दर्शक चित्रपटासाठीही ती पद्धत पसंत करतात. एखाद्या कार्यशाळेने वा स्पर्धेने स्वतःचे नियम दिले असतील, तर तेच पाळावेत. मात्र अनोळखी माणसाच्या हाती पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा द्यायची असेल, तर आंतरराष्ट्रीय प्रघातातली एकस्तंभी मांडणी शिकून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती शिकायला चार दिवस पुरतात आणि पुढे ती कुठेही अडत नाही.

त्या मांडणीचे नियम पाठ करण्याऐवजी त्यांची कारणे समजून घ्या, म्हणजे ते लक्षात राहतील. मूळ इंग्रजी पद्धतीत कुरिअर हा टंक, म्हणजे फॉन्ट, 12 पॉइंटमध्ये वापरतात. त्यातले प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे असल्यामुळे एका इंचात 10 अक्षरे बसतात आणि सगळ्या लेखकांच्या पानांत साधारण सारखाच मजकूर मावतो. म्हणूनच एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हा ढोबळ अंदाज तिथे चालतो आणि 120 पाने म्हणजे दोन तासांचा चित्रपट असे धरले जाते. डावा समास दीड इंचाचा असतो, कारण त्या बाजूने पाने छिद्रे पाडून बांधायची असतात. बाकीचे समास साधारण एकेक इंचाचे. कृती पूर्ण रुंदीत, संवाद कागदाच्या डाव्या कडेपासून अडीच इंचांवर आणि पात्राचे नाव त्याहूनही आत, साधारण पावणेचार इंचांवर. यामुळे नट आपले संवाद एका नजरेत शोधू शकतो आणि कलादिग्दर्शक संवाद ओलांडून नुसती कृती वाचत जाऊ शकतो. सहायक दिग्दर्शक तर पानाचे आठ भाग कल्पून प्रत्येक दृश्य किती अष्टमांश आहे ते मोजतो आणि त्यावर दिवसाचे काम आखतो. प्रत्येक मोकळी जागा कोणाच्या तरी कामाची आहे.

सर्वांत जास्त काम दृश्याचे शीर्षक करते, आणि नवे लेखक नेमके तिथेच हलगर्जी करतात. आत की बाहेर, कोणती जागा, दिवस की रात्र, या तीन गोष्टी त्यात हव्यात. माझ्या पहिल्या चित्रपटाच्या पटकथेत मी एकाच जागेला कुठे ‘वाडा’, कुठे ‘देशमुखांचा वाडा’ आणि कुठे नुसती ‘ओसरी’ असे लिहिले होते. एकांकिकेच्या सवयीने मला त्यात काही वावगे दिसले नाही. वेळापत्रक करणाऱ्या सहायकाने त्या तीन वेगळ्या जागा धरल्या, ओसरीवरची दोन दृश्ये वेगळ्या दिवशी लागली, आणि वाड्यातले काम संपवून पुण्याला परतलेल्या ज्येष्ठ अभिनेत्रीला चार दिवसांनी पुन्हा औशापर्यंत यावे लागले. त्या प्रवासाचा, मुक्कामाचा आणि गेलेल्या अर्ध्या दिवसाचा भार एका लहान निर्मात्यावर पडला, आणि चूक माझ्या तीन शब्दांची होती. तेव्हापासून लिहायला बसण्याआधी मी जागांची नावे एका वेगळ्या कागदावर ठरवतो आणि पटकथा संपेपर्यंत त्यांत काना-मात्रेचाही फरक करत नाही. आधी मोठी जागा, मग तिच्यातला भाग: ‘देशमुखांचा वाडा, ओसरी’. एवढ्याने भागते.

आता आपला परिच्छेद पाहू. आपण लिहिले आहे: ‘रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाबुराव घरी येतो. गेली वीस वर्षे तो क्लॅरिनेट वाजवत असतो, पण डीजे आल्यापासून सुपाऱ्या मिळत नाहीत याचे दुःख त्याच्या मनात सलत असते. बायको झोपलेली असते. ती विचारते की जेवलात का आणि पैसे किती मिळाले. तो नाराजीने उत्तर देतो.’

या परिच्छेदात गोष्ट आहे आणि माणूसही खरा आहे. पण यातली वीस वर्षे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत, सलणारे दुःख दिसणार नाही, आणि ‘नाराजीने उत्तर देतो’ म्हणजे नटाने नेमके काय म्हणायचे हेही कळत नाही. शिवाय ‘असतो, असते, असतात’ ही आपल्याकडच्या कथालेखनाची सवय पटकथेत त्रास देते, कारण तिने प्रत्येक गोष्ट नेहमीची होऊन जाते आणि आत्ता, या क्षणी काय घडते आहे ते हरवते. पटकथा साध्या वर्तमानकाळात लिहावी. मी हे दृश्य असे मांडेन:

अंतर्गत – बाबुरावचे घर, पुढची खोली – रात्र

अंधार. दार ढकलून बाबुराव (48) आत येतो. अंगावर बँडचा लाल कोट, खांद्यावरची सोनेरी झालर एका बाजूने सुटलेली. तो क्लॅरिनेटची पेटी हलकेच खुंटीखाली ठेवतो.

दुरून डीजेचा ठोका ऐकू येतो. प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यांच्या मांडणीवरची ताटे किणकिणतात. बाबुराव ताटांवर तळवा ठेवतो. किणकिण थांबते.

सुमन (आतल्या खोलीतून)
जेवलाव का?

बाबुराव
हं.

सुमन (आतल्या खोलीतून)
किती दिले?

बाबुराव कोटाच्या खिशातून पाचशेची एकच नोट काढतो, देव्हाऱ्यासमोर ठेवतो. ताटांवरचा हात निघालेला आहे. किणकिण पुन्हा सुरू होते.

इथे पात्राचे नाव आणि संवाद मी डावीकडूनच लिहिले आहेत. आपण ते वर सांगितलेल्या अंतरांवर आत सरकवावेत. गोष्टीत मी नवे काही घातलेले नाही. डीजेने या माणसाचे काय केले हे आपणच म्हटले होते, ते फक्त ताटांवर आणून ठेवले. या दृश्यात ध्वनीमुद्रकाला डीजेचा ठोका मिळाला, वेशभूषेला सुटलेली झालर मिळाली, रंगमंचसाहित्य पाहणाऱ्याला भांड्यांची मांडणी, ताटे, पेटी आणि नोट मिळाली, आणि प्रेक्षकाला उत्तर मिळाले, तेही बाबुराव न बोलता. नाटकातून आलेल्या आपल्यासारख्यांना हा बदल जड जातो, कारण एकांकिकेत सगळे दुःख संवादातून पोहोचवावे लागते आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावे लागते. माझे पहिले दोन खर्डे संवादांनी भरलेले होते, आणि ते कमी करताना मला एकेक वाक्य जिवाभावाचे वाटत होते.

आपल्या ‘जेवलात का’चे ‘जेवलाव का’ मी मुद्दाम केले. संवाद पात्राच्या बोलीत आणि कृती प्रमाण मराठीत, हा भेद शेवटपर्यंत राखावा. बोली लिहिताना प्रत्येक उच्चार अक्षरात पकडायचा हट्ट धरू नका, नाही तर पुण्या-मुंबईचा नट अडखळतो. पण ‘करायलाय’ लिहायचे की ‘करलालाय’ हे पात्राचे गाव पाहून एकदा ठरवा आणि तेच चालवा. लातूरची बोली जिंतूरची नव्हे, हे आपल्याला मी सांगायला नको.

देवनागरीत लिहिताना इंग्रजी मांडणीचे दोन आधार निसटतात, आणि परक्या भाषेतल्या मार्गदर्शिकांत ही गोष्ट कुठेच सांगितलेली नसते. पहिला आधार अक्षराच्या सारख्या रुंदीचा. आपल्या जोडाक्षरांना आणि काना-मात्रांना तो लागू होत नाही, त्यामुळे मंगल वा नोटो टंकात लिहिलेल्या पानाचे एक मिनिट होईलच असे नाही. यावर माझा उपाय साधा आहे: आपल्याच पटकथेची दहा पाने मोठ्याने, कृतीला लागणारा वेळ डोळ्यांपुढे आणत वाचावीत, मोबाइलवर वेळ लावावी आणि आपले प्रमाण काढून ठेवावे. टंक आणि आकार मध्येच बदलला नाही तर ते प्रमाण पूर्ण पटकथेला पुरते. दुसरा आधार मोठ्या लिपीतल्या अक्षरांचा. इंग्रजीत पात्राचे नाव, शीर्षक आणि पात्राचा पहिला प्रवेश मोठ्या अक्षरांत लिहितात. देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून मी शीर्षक आणि पात्राचा पहिला उल्लेख ठळक करतो.

सॉफ्टवेअरचा प्रश्नही इथेच येतो. फायनल ड्राफ्ट हे या व्यवसायातले सर्वांत प्रचलित नाव आहे, पण ते विकत घ्यावे लागते, आणि पहिल्या पटकथेसाठी तो खर्च करू नये. गूगल डॉक्स किंवा साध्या वर्डमध्ये कृती, पात्र, संवाद आणि शीर्षक अशा चार शैली एकदा तयार करून ठेवल्या की काम उत्तम होते. मराठीतले पुष्कळ लेखक आजही असेच लिहितात. मोबाइलवरही लिहायचे असेल तर फाउंटन ही साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची मोफत पद्धत पाहावी. तिच्यात पात्राचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांवरून ओळखले जाते, त्यामुळे देवनागरी नाव ती सामान्य मजकूर समजते. म्हणून नावाआधी ॲटचे चिन्ह आणि दृश्याच्या शीर्षकाआधी एक पूर्णविराम द्यावा लागतो. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी जोडाक्षरांनी भरलेले एक पान त्यात लिहून पीडीएफ काढून पाहा. स्क्रीनवर नीट दिसणारा ‘क्लॅरिनेट’ पीडीएफमध्ये फुटलेला मी पाहिला आहे. आणि श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहू नका, सगळे युनिकोडमध्येच लिहा, कारण समोरच्याच्या संगणकावर तो टंक नसेल तर आपली पटकथा निरर्थक चिन्हांची होते.

आता नमुन्यांविषयी. इंग्रजी पटकथा सर्वांत सहज मिळतात. ऑस्करच्या मोसमात, साधारण नोव्हेंबरपासून पुढे, निर्मितीसंस्था आपल्या चित्रपटांच्या पटकथा मतदारांच्या विचारार्थ म्हणून संकेतस्थळांवर उघड ठेवतात. त्या मूळ संस्थेच्याच असल्याने विश्वासार्ह असतात, पण काही महिन्यांनी काढल्याही जातात, म्हणून दिसल्या की उतरवून घ्याव्यात. बीबीसीचा लेखकांसाठीचा विभाग मालिका, चित्रपट आणि नभोनाट्ये यांच्या संहिता मोफत वाचायला देतो, आणि माध्यम बदलले की मांडणी कशी बदलते हे पाहण्यासाठी तो संग्रह फार चांगला आहे. हिंदी आणि मराठीतल्या काही पटकथा पुस्तकरूपाने आल्या आहेत. मात्र पुस्तकासाठी त्यांची मांडणी बहुधा नाटकासारखी केलेली असते, तेव्हा त्यांतून दृश्यरचना शिकावी, समास शिकू नयेत. पुण्याला जाणे झाले तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय पाहावे. 1964 साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटविषयक पुस्तके आणि संहिता जपलेल्या आहेत. जाण्याआधी वाचनाचे नियम फोनवर विचारून घ्यावेत. आणि आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. तिथे चित्रपटानंतर लेखक-दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलतात. मला मिळालेली पहिली खरी मराठी वाचन-प्रत अशाच एका संवादानंतर लेखकाला नम्रपणे विचारल्यावर मिळाली होती. ‘फक्त शिकण्यासाठी वाचेन, कोणाला देणार नाही’ असे सांगावे आणि ते पाळावे.

मिळालेली पटकथा नुसती वाचू नका. ज्या चित्रपटाची पटकथा हाती आहे, त्यातले तीन मिनिटांचे एक दृश्य आवाजासह तीनदा पाहा, मग पटकथा न उघडता ते दृश्य स्वतः मराठीत योग्य मांडणीत लिहून काढा, आणि त्यानंतर मूळ पान शेजारी ठेवा. बहुतेक वेळा असे दिसते की, जिथे आपण सहा ओळी लिहिल्या तिथे मूळ लेखकाने दोन लिहिल्या आहेत, आणि जी एक गोष्ट आपण वगळली तिच्यासाठी त्याने पूर्ण ओळ खर्च केली आहे. अशी दहा दृश्ये लिहिली की मांडणी हातात बसते. मराठी पटकथा मिळत नसतील, तरी मराठी चित्रपटावर हाच सराव करता येतो.

थोडक्यात क्रम सांगायचा तर आधी जागांची यादी, मग प्रत्येक दृश्य एका ओळीत सांगणारा वन-लायनर, आणि तो ऐकवून गोष्ट टिकते असे दिसल्यावरच पूर्ण पटकथा. मी वन-लायनर पक्का झाल्याशिवाय एकही संवाद लिहीत नाही. आपण पहिल्या दृश्यापासून सरळ लिहीत निघाला आहात. एकांकिकेत ते निभते, शंभर दृश्यांच्या पटकथेत मधल्या भागात वाट हरवते.

पूर्ण झालेली प्रत कोणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावी. सभासद होऊन ती ऑनलाइन करता येते. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क लिहिल्याक्षणीच आपला असतो, त्याला नोंदणी लागत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर आपल्याकडे होता याचा पुरावा नोंदणीने मिळतो. मुखपृष्ठावर पटकथेचे नाव, आपले नाव, संपर्क आणि खर्ड्याची तारीख एवढेच लिहावे. फाइल नेहमी पीडीएफमध्ये पाठवावी, आणि ती आधी एखाद्या दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून ‘क्लॅरिनेट’ शाबूत आहे ना, ते पाहून घ्यावे.